‘पर्यंत’ म्हणजे बाय की टिल?

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणारा मुलगा येतो. क्वालिटीच्या कामात चोख आहे. जूनमध्ये बहिणीच्या लग्नाला गावी जाताना त्याने परदेशातल्या ग्राहकाला मेल टाकला, ‘आय विल बी ऑन लीव्ह बाय फ्रायडे’, आणि रविवारी रात्रीच्या गाडीने निघाला. त्याच्या मनात वाक्य होतं, ‘मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे.’ ग्राहकाने वाचलं, की हा शुक्रवारच्या आत कधीतरी रजेवर जाणार, म्हणजे निदान सोमवार-मंगळवारी तरी भेटेल. ड्रॉइंगमधल्या एका बदलाबद्दल त्याने मेलवर मेल केले, उत्तर आलं नाही, आणि गुरुवारी थेट साहेबांचा फोन वाजला. मुलगा परत आला तेव्हा साहेब म्हणाले, ‘तुला इंग्रजी येत नाही.’

‘मॅडम, स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, मग चुकलं काय?’ असं त्याने विचारलं, तेव्हा मलाही वाईट वाटलं. खरंच, त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. ‘शुक्रवारपर्यंत’ याचं त्याने सरळ इंग्रजी केलं. मराठीत एकच ‘पर्यंत’ आहे, इंग्रजीत तिथे दोन शब्द आहेत, आणि त्याने नेमका दुसरा उचलला.

वर्षानुवर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवताना माझं एक मत पक्कं झालं आहे. इंग्रजीतल्या जोडशब्दांचे घोटाळे अडाणीपणामुळे होत नाहीत. दोन शेजारी शेतांचे बांध जसे एका रेषेत येत नाहीत, तसे दोन भाषांचे अर्थाचे बांधही जुळत नाहीत. आपण जिथे एक तुकडा मानतो तिथे इंग्रज मधोमध बांध घालतो, आणि तो जिथे सपाट रान ठेवतो तिथे आपण चार वाफे पाडलेले असतात. म्हणून अशा जोड्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही. आपल्याच भाषेत शोधलं तर बहुतेक वेळा तो फरक कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. तो सापडला की शब्द विसरत नाही.

‘पर्यंत’चंच घ्या. याला एक साधी कसोटी आहे. वाक्यातल्या ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘पाचपर्यंत ये’ हे ‘पाचच्या आत ये’ असं म्हणता येतं, म्हणून तिथे बाय. ‘पाचपर्यंत थांब’ हे ‘पाचच्या आत थांब’ होत नाही, कानाला लगेच खटकतं, म्हणून तिथे टिल किंवा अंटिल. कारण उघड आहे. येणं ही एकदाच घडून संपणारी गोष्ट आहे आणि पाच ही तिची शेवटची मर्यादा. थांबणं मात्र पाच वाजेपर्यंत सतत चालू राहतं. महापालिकेच्या मिळकत कराची सूचना डोळ्यांपुढे आणा. ‘अमुक तारखेपर्यंत कर भरा’ म्हणजे तारखेच्या आत भरा, तिथे बाय. ‘सवलत अमुक तारखेपर्यंत चालू राहील’ इथे ‘च्या आत चालू राहील’ म्हणता येत नाही, तिथे टिल. एकाच कागदावर एकच तारीख, एकच ‘पर्यंत’, आणि इंग्रजी शब्द दोन.

नकारार्थी वाक्यात ही जोडी आणखी बारीक होते. ‘रिपोर्ट बाय फ्रायडे मिळणार नाही’ म्हणजे शुक्रवारच्या आत होणार नाही, पुढे कधी ते ठाऊक नाही. ‘अंटिल फ्रायडे मिळणार नाही’ यात मात्र शुक्रवारी मिळेल असं जवळजवळ आश्वासन आहे. कामाच्या मेलमध्ये या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि रजेच्या बाबतीत माझा सल्ला वेगळाच आहे. ‘टिल फ्रायडे’ बरोबर असलं तरी त्यात शुक्रवार धरायचा की नाही हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा ‘आय विल बी बॅक ऑन मंडे’ लिहावं. कधी परत येणार हेच वाचणाऱ्याला हवं असतं.

काळाच्याच बाबतीत आणखी एक चूक पुण्यात जागोजागी ऐकू येते, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स.’ हिचं मूळ शोधताना मला आपल्या मराठीतच झालेला एक बदल सापडला. माझ्या आजीच्या तोंडी ‘दहा वर्षांपासून’ कधी येत नसे. ती म्हणायची, ‘गेली दहा वर्षं इथे राहतेय’, नाहीतर ‘दहा वर्षं झाली’. ‘पासून’ तिने राखून ठेवला होता तो सुरुवातीच्या क्षणासाठी: सकाळपासून, दिवाळीपासून, लग्न झाल्यापासून. हिंदीतला ‘दस साल से’ कानावर पडून पडून ‘दहा वर्षांपासून’ आपल्यात रुळला आणि दोन वेगळ्या गोष्टी एका प्रत्ययात मिसळल्या. इंग्रजीत त्या वेगळ्याच आहेत. सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स, मधला कालावधी मोजला असेल तर फॉर. म्हणून आजीचं मराठी बोलून बघावं. ‘गेली’ बसत असेल तिथे फॉर, ‘पासून’ बसत असेल तिथे सिन्स. ‘गेली सकाळ’ कुणी म्हणत नाही, सकाळपासूनच म्हणतो, म्हणून सिन्स मॉर्निंग. शिवाय क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’ असं हवं, कारण सुरुवात मागे झाली आणि गोष्ट अजून चालू आहे.

‘दोन वर्षांपूर्वी’चं ‘बिफोर टू इयर्स’ करतात तेही असंच. आजपासून मागे मोजलं तर अगो, दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजलं तर बिफोर. आपला ‘पूर्वी’ दोन्हीकडे चालतो, एवढंच.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. सी आणि लुक, हिअर आणि लिसन यांतला फरक शिकवायला पुस्तकात पानंच्या पानं खर्च होतात, आणि मराठी माणसाला तो अगदी लहानपणापासून येत असतो. ‘मला दिसलं’ आणि ‘मी बघितलं’ या दोन वाक्यांकडे नीट पाहा. पहिल्यात ‘मला’ आहे. मी काही केलं नाही, ती वस्तूच माझ्यापर्यंत आली. दुसऱ्यात ‘मी’ आहे, मान वळवली, नजर लावली. मला दिसलं, तिथे सी. मी बघितलं, तिथे लुक. ‘मला ऐकू आलं’ म्हणजे हिअर, ‘मी ऐकलं’ म्हणजे लिसन. ‘मला आठवलं’ म्हणजे रिमेंबर आणि कुणी ‘मला आठवण करून दिली’ म्हणजे रिमाइंड. हवा स्वच्छ असली की पर्वतीवरून सिंहगड दिसतो, ते सी. ‘त्या बाजूला बघ’ असं शेजारच्याला म्हणतो, ते लुक. आणि मग दोघं पायऱ्यांवर टेकून सूर्य बुडताना बघत बसतात, ते वॉच. वॉच म्हणजे काहीतरी घडत, हलत असतं आणि आपण ते लक्ष लावून बघत राहतो. म्हणून क्रिकेटची मॅच वॉच, टीव्ही वॉच. चित्रपटगृहात जाऊन सिनेमा बघणं मात्र इंग्रजीत सी म्हणूनही सर्रास चालतं, तिथे अडून बसू नये.

मात्र मराठी इथे एका वळणावर फसवते. आपण म्हणतो ‘ऐकू येतंय’, ‘दिसतंय’, चालू काळात. म्हणून ऑनलाइन मीटिंगमध्ये ‘आय ॲम हिअरिंग यू’ तोंडातून निघतं. इंग्रजीत आपोआप येणाऱ्या अनुभवाला हा ‘आयएनजी’ सहसा लावत नाहीत. तिथे ‘आय कॅन हिअर यू’ म्हणतात. हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळीकडे ‘ॲम आय ऑडिबल?’ असं विचारलं जातं. व्याकरणात ते चूक नाही, पण ज्यांची ती मातृभाषा आहे ते ‘कॅन यू हिअर मी?’ असं विचारतात.

डोळे आणि कान यांच्यासाठी एवढा बारकावा पाळणाऱ्या इंग्रजीने नाकासाठी मात्र एकाच शब्दावर भागवलं आहे. वास येणं स्मेल, वास घेणं स्मेल, एखाद्या वस्तूला वास असणं हेही स्मेल. आपण तिथे तीन वेगळी वाक्यं करतो. भाषेचे बांध कसे आपापल्या सोयीने पडतात, ते इथे छान दिसतं.

बॉरो आणि लेंड या जोडीवर मी वर्गात एक पूर्ण तास घालवते. ‘प्लीज बॉरो मी युवर पेन’ ही चूक दर बॅचला होते. नियम दोन ओळींचा आहे. घेणाऱ्याच्या बाजूने बॉरो, देणाऱ्याच्या बाजूने लेंड. मी तुझ्याकडून बॉरो करते, तू मला लेंड करतोस. पण मुलांना हे अवघड का जातं, हे मला फार नंतर कळलं. आपण दिशा शब्दात ठेवतच नाही. ‘उसनं’ हा शब्द दोघांचा आहे. उसनं घेतलं, उसनं दिलं. दिशा सांगायला ‘घेणं-देणं’ आहे. आपल्या शब्दाला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे व्यवहार कसला आहे. शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर आणली ती उसनी, आणि तेवढीच साखर परत द्यायची. मित्राकडून महिनाअखेरीला पाचशे रुपये घेतले ते हातउसने, त्याला व्याज नाही आणि कागदही नाही. वाण्याकडून सामान आणलं आणि वहीत मांडलं ती उधारी. बँकेतून घेतलं ते कर्ज. यातलं प्रत्येक नातं निराळं आहे, प्रत्येकातली भीड निराळी आहे. इंग्रजी बॉरोला याच्याशी घेणं नाही. साखर, पाचशे रुपये आणि घरासाठीचे चाळीस लाख, तिन्ही बॉरोच. वाण्याच्या उधारीला मात्र बॉरो चालत नाही. तिथे पैसे हातात आलेलेच नाहीत, माल आला आहे, म्हणून ‘बाय ऑन क्रेडिट’.

या शब्दांची मुळंही सांगण्याजोगी आहेत. बॉरोचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘बोर्ग’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ तारण किंवा हमी. म्हणजे कधीकाळी तिथेही काहीतरी तारण ठेवूनच वस्तू मिळत असावी. लेंडमधला शेवटचा ‘ड’ मुळात नव्हता, तो नंतर चिकटला. आणि लोन हा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. लोन हे नाम आहे, पण अमेरिकेत ते क्रियापद म्हणूनही वापरतात. तेवढ्यासाठी कुणाची चूक काढू नये.

पुण्यात याच्यासाठी आणखी एक गोड शब्दप्रयोग होता, अजूनही काही घरांत आहे. लायब्ररीत जाणाऱ्याला विचारलं, कुठे निघालात, तर उत्तर यायचं, ‘पुस्तक बदलायला.’ पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, म्हणजे या शहराला पुस्तक बदलण्याची सवय फार जुनी आहे. इंग्रजीत हे पुस्तक बॉरो केलं जातं आणि लायब्ररी ते लेंड करते. ‘चेंज’ लिहिलं तर समोरचा विचारेल, पुस्तकात काही खराब होतं का?

उलट दिशेचं उदाहरणही वर्गात मुद्दाम देते, म्हणजे इंग्रजीच श्रीमंत आणि आपण गरीब असा समज मुलांचा होत नाही. इंग्रजीत वेअर हा एक शब्द. साडी वेअर, शर्ट वेअर, चष्मा वेअर, फेटा वेअर, गजरासुद्धा वेअर. आपण साडी नेसतो, शर्ट घालतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला या पाच क्रियापदांनी जेवढा घाम फुटेल, तेवढाच आपल्याला बाय-टिलने फुटतो. दोन्हीकडे बुद्धी कमी पडत नसते, सवय कमी पडत असते. तांदूळ आणि भात, आम्ही आणि आपण, काका आणि मामा, ही यादी कितीही लांबवता येईल.

मेक आणि डू या जोडीत मात्र मी कुणाला खोटी आशा दाखवत नाही. आपलं ‘करणं’ इतकं सर्वव्यापी आहे, की त्याचे दोन भाग पाडणं खरंच जड जातं. अर्धी वाट दाखवणारी खूण अशी, की काम झाल्यावर नवी वस्तू हातात उरते का ते बघा. पोळ्या केल्या, डब्यात पोळ्या आल्या, मेक. चहा केला, कपात चहा आला, मेक. भांडी केली, भांडी होती तीच आहेत, फक्त स्वच्छ झाली, डू. अभ्यास केला, डू. हल्ली सगळे ‘चहा बनवला’ म्हणतात. मला स्वतःला ते आवडत नाही, आमच्याकडे चहा करतातच, पण कसोटी म्हणून हा शब्द कामाला येतो. ‘बनवला’ म्हणता येत असेल तर बहुधा मेक. पुढे चूक, निर्णय, गोंगाट, फोन यांनाही मेक लागतो, तिथे ही खूण चालत नाही. ते कानाला ऐकून ऐकूनच वळण लावावं लागतं.

म्हणणं आणि सांगणं यांनी मात्र आपल्याला छान साथ दिली आहे. तो म्हणाला, ही सेड. त्याने मला सांगितलं, ही टोल्ड मी. जपायचं एवढंच, की मराठीत ‘तो मला म्हणाला’ चालतं, इंग्रजीत ‘ही सेड मी’ चालत नाही. मध्ये ‘टू’ हवा. चोरणं आणि लुटणं यांचंही तसंच. ज्याला लुटलं त्याच्यासाठी रॉब, जे चोरलं त्याच्यासाठी स्टील. बँक रॉब केली, पैसे स्टील केले. आपण ‘दागिने लुटले’ म्हणतो, तिथे इंग्रजीत रॉब चालणार नाही. दागिने रॉब होत नाहीत, दागिन्यांचा मालक रॉब होतो.

शेड आणि शॅडो ही जोडी मी मे महिन्यासाठी राखून ठेवते. सावली आपल्याला दोन्हीकडे पुरते. झाडाची सावली, माणसाची सावली. इंग्रजीत उन्हापासून आडोसा मिळेल ती जागा म्हणजे शेड, आणि एखाद्या वस्तूचा जमिनीवर, भिंतीवर पडलेला काळा आकार म्हणजे शॅडो. शेडमध्ये बसता येतं, शॅडो पायाशी चालत येते. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा, १३ मेच्या सुमारास आणि जुलैअखेरीस, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याला आपण शून्य सावली दिवस म्हणतो. एका वर्षी त्या दुपारी मी मुलांना गच्चीवर नेलं. पाण्याची उभी बाटली ठेवली. बघता बघता तिची सावली आक्रसत बुडाखाली गेली आणि नाहीशी झाली. ‘मॅडम, शॅडो गेली!’ एक मुलगी ओरडली. मग मी खाली रस्त्याकडे बोट दाखवलं. वडाखाली एक रिक्षावाला गाडी लावून आरामात झोपला होता. शेड तिथेच होती, उलट अगदी झाडाच्या बुंध्याभोवती गोळा झाली होती. त्या बॅचमधल्या एकानेही पुढे ही जोडी चुकवली नाही. गंमत अशी, की दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. जुन्या इंग्रजीतल्या एकाच नामाच्या दोन विभक्तिरूपांमधून हे दोन शब्द तयार झाले आणि वाढता वाढता वेगळे झाले. म्हणजे एके काळी त्यांचीही सावली एकच होती.

आतापर्यंतच्या जोड्या अर्थाच्या होत्या. दुसरी जात आहे ती दिसायला-ऐकायला सारख्या शब्दांची, आणि तिच्यासाठी अप्पा बळवंत चौकात जावं. जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या गर्दीत चालताना पाट्या वाचा. काही पाट्यांवर स्टेशनरीच्या शेवटी ‘ई-आर-वाय’ दिसेल, काहींवर ‘ए-आर-वाय’. वह्या, पेनं, कागद यांची स्टेशनरी ‘ई’ची. ‘ए’ची स्टेशनरी म्हणजे जागच्या जागी थांबलेलं, लक्ष्मी रोडच्या गर्दीत अडकलेल्या बससारखं. लक्षात ठेवायला ‘पेन’ या शब्दातली ‘ई’ पुरे. पण मला खरा आनंद झाला तो यांचं नातं कळल्यावर. मध्ययुगात युरोपात पुस्तकं विकणारे बरेचसे फेरीवाले असत. विद्यापीठांजवळ ज्यांचं एका जागी कायमचं दुकान असे त्यांना स्टेशनर म्हणत, म्हणजे ठिय्या मांडून बसलेला. त्याच्याकडे मिळणारा माल तो स्टेशनरी. तेव्हा ‘थांबलेला’ आणि ‘वह्या-पेनं’ हे एकाच घरातले शब्द आहेत, आणि अप्पा बळवंत चौकात पिढ्यान्‌पिढ्या एका गाळ्यात बसलेला दुकानदार दोन्ही अर्थांनी त्या शब्दाला शोभतो.

प्रिन्सिपल आणि प्रिन्सिपल, उच्चार एकच. शेवटी ‘पी-ए-एल’ असेल तर मुख्य: कॉलेजचे प्राचार्य, किंवा व्याजाच्या गणितातली मुद्दल. ‘पी-एल-ई’ असेल तर तत्त्व. ‘ए’ला ‘अग्र’मधला अ समजा, म्हणजे जो पुढे तो ‘ए’चा. १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झालेले गोपाळ गणेश आगरकर हे माझं यासाठीचं आवडतं उदाहरण. पद ‘ए’चं होतं, आयुष्य ‘ई’चं. त्यांच्या आधी त्या खुर्चीत वामन शिवराम आपटे होते, आणि त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. दोन भाषांचे बांध एकमेकांशी जुळवण्यात या शहरातल्या माणसाने उभं आयुष्य घातलं, हे मुलांना सांगताना मला नेहमी बरं वाटतं.

अफेक्ट-इफेक्टचं थोडक्यात. ‘परिणाम’ हे नाम एकटं उभं असेल तर इफेक्ट, ‘परिणाम करणं’ असं क्रियापद असेल तर अफेक्ट. शंभरातल्या बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

‘ऐतिहासिक’ला थोडा वेळ द्यायला हवा, कारण पुण्यात तो शब्द रोज लागतो. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात ज्याला मोठं स्थान आहे ते. हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंधित, मोठं असो की किरकोळ. १७३२ साली उभा राहिलेला आणि १८२८च्या आगीत जळालेला शनिवारवाडा हिस्टॉरिक. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ज्याने नदीकाठच्या पेठांचा चेहराच बदलला, तोही हिस्टॉरिक. भारत इतिहास संशोधक मंडळातला एखादा हिशेबाचा जुना कागद, ज्यात एवढंच लिहिलंय की अमुक मण धान्य आलं, तो हिस्टॉरिकल. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल यांचाही शेवट असाच, पण अर्थ आणखी दूर गेलेले. गोखले अर्थशास्त्र संस्थेत अभ्यास होतो तो इकॉनॉमिक प्रश्नांचा. एका काडीत दोन शेगड्या पेटवणारी माझी आजी इकॉनॉमिकल.

पावसाळ्यात आणखी एक जोडी हाती लागते. कंटिन्युअस म्हणजे मध्ये खंड नाही असं, कंटिन्युअल म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा. संततधार लागली तर कंटिन्युअस. सरीवर सर येते, मध्ये ऊन पडतं, दोरीवरचे कपडे आत-बाहेर करावे लागतात, तो कंटिन्युअल. इंग्रज स्वतः हा फरक नेहमी पाळत नाहीत, पण ज्याच्या भाषेत पावसाला इतके शब्द आहेत त्याने पाळावा असं मला वाटतं.

शेवटची जोडी गेल्या महिन्यातली आहे. लातूरकडचा एक मुलगा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. निबंधात त्याने लिहिलं, ‘आफ्टर एक्झाम आय विल गो टू माय हाऊस.’ चूक म्हणावी तर नाही, पण वाक्य कोरडं वाटत होतं. मी विचारलं, ‘हे मराठीत कसं म्हणाल?’

‘परीक्षा झाली की घरी जाईन.’

‘घराला जाईन असं का नाही म्हणालात?’

तो थोडा विचारात पडला. मग मी फळ्यावर दोन रकाने केले. घराला रंग दिला, घराच्या भिंतीला ओल आली, घराचं भाडं वाढलं, हे हाऊस. घरी जातो, घरी आहे, घरची आठवण येते, हे होम. ‘घरी’ हे आपल्या जुन्या सप्तमीचं रूप, ‘दारी’, ‘गावी’ यांच्यासारखं. त्याला वेगळा शब्द जोडावा लागत नाही. इंग्रजीतही ‘गो होम’ असंच म्हणतात, मध्ये ‘टू’ येत नाही, कारण तो होमही जुन्या इंग्रजीतल्या एका विभक्तीचं उरलेलं रूप आहे. घरी असणं म्हणायचं तर मात्र ‘ॲट होम’. दोन भाषांचे बांध इथे, कधी नव्हे ते, एका रेषेत आले आहेत.

त्याने वही ओढली, ‘टू माय हाऊस’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘होम’. मग विचारलं, ‘मॅडम, आणि कॉट बेसिसवरच्या खोलीवर जायचं असेल तर?’

‘तुम्ही काय म्हणता?’

‘रूमवर जातो.’

‘मग गो टू माय रूम.’